मामालाही न हललेला दगड

शाळेच्या हॉलमध्ये चार टेबलं जोडून भाचीने टेकडीचा नकाशा पसरला होता, आणि मामा त्याच्यावर चहाचा कप टेकवायला जागा शोधत होता.

"मामा, कप उचल. तिथे बांध आहेत."

"कागदावरचे बांध चहाने वाहून जातात होय गं, चिंगे?"

"तुझ्या हातून काहीही वाहून जाऊ शकतं."

हे काही खोटं नव्हतं. मामा जेसीबी चालवायचा आणि उरलेल्या वेळात खोड्या काढायचा. पन्नाशी उलटली तरी त्याची खुमखुमी जिरली नव्हती. बहिणीच्या घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे करायची, डॉक्टरच्या पाटीखाली 'आज इंजेक्शन मोफत' असं लिहून यायचं, असली कामं तो अगदी मन लावून करायचा. पण टेकडी सपाट करायला मशीन मागायला माणसं आली, तेव्हा त्याने तीनदा मशीन बिघडल्याचं सांगितलं होतं. तिसऱ्यांदा तर तो मशीनवर बसूनच बोलत होता.

कारण टेकडी भाचीची होती. म्हणजे सातबारा तिच्या नावावर नव्हता, जीव होता. भाचीचं शिक्षण जमिनीवरच्या जुन्या खुणा वाचायचं. शक्यतो खणायचं नाही, बघायचं. गेले दोन महिने दर शनिवारी ती गावातल्या लोकांना उतारावर नेऊन दाखवत होती. दुपारी सपाट दिसणारं रान पाच वाजता, ऊन तिरकं झालं की, कसं पायऱ्यापायऱ्यांचं निघतं. गवताचा पट्टा मध्येच का हिरवा होतो. लोकही चेकाळले होते. पोस्टातल्या बाईंनी वरच्या बाजूचा खोलगट रस्ता नकाशावर काढून दिला, शिंप्याने पडलेली विहीर सांगितली.

उद्या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्याच्या बाई येणार होत्या. त्या हो म्हणाल्या तर अख्खा उतार राखीव. नाही म्हणाल्या तर पुढच्या महिन्यात गोदामं.

"बाई म्हणतात, 'असू शकेल' असं सगळेच सांगतात. मला एक तरी 'आहे' दाखवा," भाची म्हणाली. "एका जागी हातभर खड्डा घेऊन बघणार आहेत. जुना रस्ता वर दिसतो, पण खाली कुठून गेला तेच सापडत नाही."

"त्यात काय शोधायचंय?" दाजी म्हणाले. दाजी म्हणजे भाचीचे वडील, रिटायर्ड मास्तर. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "खड्डा इथे. दगडांच्या रिंगणाच्या मधोमध."

मामाला ठसका लागला. चहा नाकात गेला. भाचीने पाठीवर थापट्या मारल्या, त्या जरा जास्तच जोरात.

त्याचं काय होतं, ते रिंगण मामाने केलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी. दाजी तेव्हा कुठल्याशा ट्रेनिंगला गेले होते आणि मामाला करमत नव्हतं. त्याने खालच्या झुडपांतून सहा दगड उपटले, एकेक करून वर नेले, गोल मांडले, शेवाळ धरावं म्हणून वर दही चोपडलं. मधोमध औषधाची बाटली पुरली. तिच्यात चिठ्ठी: 'दाजी, फसलात!' मग पावसाळा सरल्यावर अगदी साळसूदपणे म्हणाला, "दाजी, वर काहीतरी गोल दिसतंय बुवा."

बेत असा की दाजी उकरतील, चिठ्ठी निघेल, हसू होईल. पण दाजींनी उकरलंच नाही. "असल्या जागेला आपण हात लावायचा नसतो, खात्याने लावायचा," म्हणाले, पेपरात लेख लिहिला, कात्रण फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि आठ वर्षांच्या लेकीला बोटाला धरून रोज रिंगणापाशी न्यायला लागले. लेक त्या दगडांभोवती फिरत मोठी झाली आणि पुढे हेच शिकली. मामा दरवर्षी म्हणायचा, यंदा सांगून टाकू. मग भिंतीवरची फ्रेम दिसायची आणि सांगणं पुढच्या वर्षावर जायचं.

आता उद्या बाईंच्या खड्ड्यातून 'दाजी, फसलात!' बाहेर पडणार. सगळ्या गावासमोर. मग बांध खरे, रस्ता खरा म्हणून कोण विश्वास ठेवणार?

पाच वाजता मामा पहार घेऊन टेकडीवर. बाटली काढायची, माती दाबायची, गुपचूप सटकायचं. त्याने दोनदा पहार मारली असेल नसेल.

"मधोमध हवं तर डावीकडे अजून वीतभर," मागून आवाज आला.

भाची तिरक्या उन्हातले फोटो काढायला आली होती.

"मी आपलं... गवत..."

"पहारेने?"

मामाने आजवर पोलिसांपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना थापा मारल्या होत्या. हिला मारता येईना. त्याने सगळं सांगितलं, दह्यासकट.

भाची म्हणाली, "रिंगणाचा संशय मला कॉलेजातच आला होता. दगड नुसते वर ठेवल्यासारखे आहेत. नकाशावर बारीकसं प्रश्नचिन्ह काढलंय, बाबांना चष्म्याशिवाय दिसणार नाही असं."

"मग वाचलो की!"

"थांब. दगड आणलेस कुठून?"

"खालून. पडलेले होते."

"पडलेले, का उभे?"

मामाने डोकं खाजवलं. "उभेच. अर्धे मातीत. एका अंगाने सपाट तासलेले, म्हणून तर आवडले. ओळीने होते, नऊ-नऊ पावलांवर."

आणि मग भाची अशी भडकली की मामाने पहार लांब ठेवली.

"रस्त्याच्या कडेचे दगड होते ते! जो रस्ता मी दोन महिने शोधतेय! मामा, चिठ्ठीचं मला काही वाटत नाही. दगड खरे आहेत रे, जागा खोटी करून टाकलीस तू. जागेवरून हलवलेला दगड नुसता दगड राहतो. तो कशाच्या शेजारी होता, कुणाच्या रांगेत होता, तेवढंच तर आम्हाला वाचता येतं!"

मामाला एवढं कधी लागलं नव्हतं. बायको रागावली तर तो हसवायचा. इथे हसवायला काही सुचेना.

"सातवा नाही काढला," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"सातवा हललाच नाही गं. पहार वाकली. चार शिव्या घातल्या आणि सोडून दिला. असेल अजून, काटेरी जाळीत."

भाचीने एकदा मावळत्या उन्हाकडे बघितलं, एकदा मामाकडे. "उद्या बाईंना तूच दाखव. आणि त्याआधी बाबांना सांग. मी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल भरला होता. बाई आल्या, दाजी इस्त्रीचा शर्ट घालून रिंगणावर बोलायला उभे राहिले. मामा त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"दाजी, आधी मी बोलतो." हातात काल उकरून काढलेली औषधाची बाटली होती. "ते रिंगण मी केलंय. तुमची गंमत करायला. ही चिठ्ठी तुमची, बावीस वर्षं उशीर झाला. चुकलो."

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. दाजींनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. खुर्चीवर बसले. मामाला वाटलं, आता जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं, हवं तर जेसीबी मी चालवतो.

"रोज," दाजी शेवटी म्हणाले, "रोज ती टेकडी चढलो मी. पावसात, तापात. डॉक्टर विचारतात, मास्तर, या वयात गुडघे एवढे शाबूत कसे? आता त्यांना काय सांगू? मेव्हण्याने फसवलं म्हणून?" मग मान वर केली. "गाढवा, कात्रण भिंतीवर लावलं त्या दिवशी तरी बोलायचंस."

"फ्रेम छान होती हो."

दाजींना हसू आवरलं नाही. डोळेही पुसावे लागले, पण ते त्यांनी चष्म्याच्या नावावर खपवलं.

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. "म्हणजे पुरावा नाही?"

"आहे की," मामा म्हणाला. "मला हलला नाही, तो आहे."

सगळे टेकडीखाली गेले. मामा पुढे, पावलं मोजत. "हा पहिला उपटला." गवतात बशीएवढा खळगा. नऊ पावलं. "हा दुसरा." भाची प्रत्येक खळग्यापाशी एक काडी रोवत होती. सहा काड्या झाल्या तेव्हा लोक आपोआप बाजूला सरले. काड्यांची रांग सरळ वरच्या खोलगट रस्त्याच्या तोंडाला भिडत होती. पुढे जाळी. शिंप्याच्या कात्रीने काटे कापले. आत गुडघ्याएवढा, एका अंगाने तासलेला दगड, पायथ्याशी पहारेचा जुना ओरखडा.

"ही माझी सही," मामा म्हणाला.

बाईंनी दगडाला धक्का न लावता शेजारी हातभर खणायला सांगितलं. वीतभर मातीखाली गोटे लागले, गच्च ठोकून बसवलेले, वरून पावलांनी गुळगुळीत झालेले. बाई गुडघ्यावर बसल्या. गोट्यांवरून हात फिरवला. आणि वहीत लिहिलं. काय लिहिलं ते भाचीने खांद्यावरून वाचलं आणि मामाचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

'आहे.'

उतार राखीव झाला. मामाला उपटलेले सहा दगड परत रोवायचे होते. भाची म्हणाली, "खबरदार! आता कशालाच हात लावायचा नाही." रिंगण तसंच ठेवलं. शेजारी पाटी लागली, मजकूर दाजींचा: कोणी केलं, केव्हा केलं, दगड कुठून उपटले आणि त्यामुळे काय समजेनासं झालं. खाली बारीक अक्षरात, 'दही घरचेच.'

आठवड्याने मामा कामावर निघाला तर जेसीबीच्या सीटवर तीच औषधाची बाटली. आत चिठ्ठी, मास्तरांच्या वळणदार अक्षरात: 'दर शनिवारी पाच वाजता. लोकांना सहा खळगे तू दाखवायचेस. उशीर चालणार नाही.'

शनिवारी मामा धापा टाकत टेकडीखाली पोचला तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. त्याने हातातलं घड्याळ बघितलं. पाच. मग मोबाईल बघितला. चार पन्नास.

वर रिंगणापाशी दाजी आणि भाची पोट धरून हसत होते.