लिफ्ट तर होणारच

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तेव्हा सगळ्यांनी आधी मलाच फोन केला, जणू तिचे दोर मीच दातांनी कुरतडले होते. मी सोसायटीची सेक्रेटरी. पगार नाही, मान त्याहून नाही, आणि तक्रारी मात्र घरपोच. मेकॅनिक आला, वरच्या यंत्राच्या खोलीत हात काळे करून आला आणि म्हणाला, मोटर गेली, दोर गेले, या बनावटीचे भाग आता मिळत नाहीत, नवीच बसवा. एवढं बोलून त्याने माझ्याच फडक्याला हात पुसले आणि गेला. लिफ्टचा डबा तळमजल्यावर उघडा राहिला. हळूहळू त्यात झाडूवाल्या बाईंची बादली आली, मग एक मोडकी सायकल, मग एक गुंडाळलेली गादी. त्या गादीचा मालक अजून सापडलेला नाही.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, मी आणि माझी थोरली बहीण. तिला अख्खी इमारत ताईच म्हणते, तिच्याहून वयाने मोठे असलेले चेअरमनसुद्धा. रस्त्याच्या पलीकडे तिचं शिवणाचं दुकान. इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या अंगाला तिची टेप कधी ना कधी लागलेली आहे. कोण जाड झालं, कोण वाळलं, कुणाचा एक खांदा उतरता आहे, हे तिला पाठ. मग ती दुकानाच्या पायरीवरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरातल्या घरात काठी घेऊन ती चालायला लागली, पण डॉक्टरांनी जिना कायमचा बंद सांगितला. तेव्हा लिफ्ट चालू होती. तिने मान डोलावली आणि दोन महिन्यांत दुकान उघडायचं ठरवलं. लिफ्टने आधी मान टाकली.

तेव्हापासून ती समोरच्या खिडकीत बसते. तिथून दुकानाचं शटर दिसतं. दुकानाची किल्ली तिने खिडकीच्या चौकटीतल्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. मोबाइल दुरुस्त करणारा एक जण दुकान भाड्याने मागायला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा ताईने त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "अरे, मीच उघडणार आहे आता. लिफ्टचीच वाट बघते आहे."

एकदा तपासणीसाठी तिला खुर्चीत बसवून खाली न्यावं लागलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचे ड्रायव्हिंग स्कूलवाले पुढे, त्यांचा भाऊ मागे, आणि मी उगाचच बाजूला हात धरून. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलली. समोरून सामान घेऊन येणाऱ्या बाई भिंतीला चिकटल्या आणि "सावकाश हं, सावकाश," म्हणाल्या. ताईने डोळे मिटून घेतले. वर आल्यावर ती म्हणाली, "माणसं चांगली आहेत. पण आता मला उचलायचं ते एकदाच."

सोसायटीच्या शिलकीत एक मोठं काम होण्याइतकाच जोर होता. चेअरमन तळमजल्यावर राहतात. त्यांना जिना हा प्रकार केवळ ऐकून माहीत. पण माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "आपण ठरवायचं नाही. सभासदांना विचारू. ज्याला जास्त घरं, ते काम." आधी आम्ही छापील कागद वाटले. परत एकच आला, तोही पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा, आणि त्यावर मागच्या बाजूला कुठल्याशा पेशंटचा फोन नंबर होता. मग घरोघर जाऊन विचारायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

नियम मी केले. एका घराने एकच काम सांगायचं. एका घराचं उत्तर सभेआधी दुसऱ्या घरात सांगायचं नाही. आणि विचारणाऱ्याने काहीही सुचवायचं नाही. माझ्या आधीचे सेक्रेटरी असंच विचारायला निघाले होते, तेव्हा प्रत्येक दारात त्यांनी "तुम्हाला गाड्यांवर छप्परच हवं असेल ना?" असं विचारलं होतं. छप्पर झालं आणि त्याखाली आज त्यांचीच गाडी उभी असते. माझ्याकडे तसं कुणी बोट दाखवलेलं मला चाललं नसतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही उगाच नाही.

पहिलं दार डॉक्टरांचं. त्यांच्या पत्नीने दार उघडताच ताईची चौकशी केली. "कशा आहेत हो त्या? किती दिवस झाले दिसल्या नाहीत. लिफ्ट झाली की पहिला चहा आमच्याकडे, सांगा त्यांना." मला बरं वाटलं. मी पेन काढलं. डॉक्टर आतून म्हणाले, "आमचं रंग लिहा. बाहेरच्या भिंतींची कळा बघितलीत का? पेशंट मला विचारतात, इमारतीत कुणी राहतं का?" मी लिहिलं.

दुसऱ्या मजल्यावर शिकवणीवाल्या बाई. त्यांच्या दाराबाहेर नेहमी पोरांच्या चपलांचा ढीग. त्यांनी खूप विचार केला, नवऱ्याला विचारलं, आणि म्हणाल्या, "जिन्यात चांगले दिवे. मुलं अंधारात उतरतात, जीव टांगणीला लागतो." मी लिहीत असताना त्या स्वतःच पुढे बोलल्या, "लिफ्ट तर होणारच. तिला कोण नको म्हणेल? मग आमचं एक मत तिथे कशाला वाया घालवायचं?"

माझ्या जिभेच्या टोकाशी शब्द आला होता. तो मी गिळला. मला वाटलं, ही एकच बाई असा विचार करते आहे.

पण पुढच्या दारात तेच. शेजारच्या दारात पाण्याची टाकी. समोरच्या दारात फाटक. आणि कुणी उत्तरासोबत, कुणी उत्तराआधी, ताईचं नाव काढत होतं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी तर मला आत बसवून पाणी दिलं. "लिफ्टला सगळ्यांची मतं आहेतच," ते म्हणाले. "त्या दिवशी खुर्ची धरली ना, तेव्हाच म्हटलं, आता लिफ्ट झाल्याशिवाय राहत नाही. माझं रंग लिहा. बाकी लिफ्ट झाली की ताईंना मी स्वतः गाडीतून फिरवून आणतो, बघा तुम्ही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांची कॉलर धरून हलवावंसं वाटलं. अहो, तुम्हीही लिफ्ट म्हणाला नाहीत तर मग कोण म्हणणार? पण नियम माझाच होता, आणि मी नियमाची बाई. अख्खी नोकरी टपाल नोंदवण्यात गेली. येणारं येईल तसं लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, एवढं एकच मला नीट जमतं.

शेवटी आमचं दार. घर ताईच्या नावावर आहे, म्हणजे सभासद ती. मी चप्पल काढली आणि म्हटलं, "झालं. आपलं लिफ्ट लिहिते."

"थांब," ताई म्हणाली. "सभासद मी आहे. सगळ्यांना विचारलंस तसं मला विचार."

मला हसू आलं. मी पुन्हा दारात जाऊन उभी राहिले. "ताई, सोसायटीने आधी कुठलं काम करावं असं तुम्हाला वाटतं?"

"रंग," ताई म्हणाली.

माझं हसू जागच्या जागी राहिलं. "ताई, नीट विचार करून सांग."

"केला आहे. तू सेक्रेटरी. आपल्या घरातून लिफ्ट गेली तर उद्या म्हणतील, बाईंनी घरचंच काम काढलं. त्यापेक्षा आपलं मत दुसरीकडे गेलेलं बरं. आणि लिफ्ट तर होणारच."

"असं धरून चालू नकोस."

"अगं, इतकी वर्षं मी या लोकांची मापं घेतली. मला माहीत नाहीत होय ती माणसं?" तिने खिडकीबाहेर बघितलं. "लिही. रंग."

मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. नियम गेला खड्ड्यात, तोवर मलाही तेवढी अक्कल आली होती. पण सांगायचं काय होतं? की सगळी दारं फिरून आले आणि एकाच्याही तोंडून तुझ्यासाठी एक शब्द निघाला नाही? ती खिडकीत बसून इतक्या खात्रीने बोलत होती की माझी छातीच झाली नाही. म्हटलं सभेत बघू. सभेत आपोआप लक्षात येईल सगळ्यांच्या.

सभा त्या गाजलेल्या छपराखाली झाली, गाड्या बाहेर काढून, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. मी एकेक घर आणि त्याचं उत्तर वाचत गेले. रंगाला सर्वांत जास्त घरं. मग दिवे, टाकी, फाटक. वाचून झालं आणि मी कागद मिटला.

"आणि लिफ्ट?" शिकवणीवाल्या बाईंनी विचारलं.

"एकही नाही," मी म्हटलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ड्रायव्हिंग स्कूलवाले अर्धवट उठले. "कुणीच नाही? मला वाटलं, तुम्ही सगळे..."

"आम्हालाही तसंच वाटलं," डॉक्टर म्हणाले.

मी उभीच होते. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागायला तोंड उघडलं. "पुन्हा एकदा विचारू या. इथेच, आत्ता. हात वर करून."

चेअरमननी चष्मा काढला. "माझी काही हरकत नाही. पण आज लिफ्टसाठी पुन्हा विचारलं तर उद्या टाकीवाले म्हणतील आम्हालाही पुन्हा विचारा. मग याला अंत नाही. नियम तुम्हीच केलेत, आणि चांगले केलेत." मग त्यांनी हळूच विचारलं, त्यांच्या मनात खरंच काही नव्हतं, "तुमच्या घरचं मत काय होतं म्हणालात?"

"रंग."

"ताईंनीच सांगितलं?"

"हो."

"मग ताईंनाच एवढी घाई नसेल तर..." मागून कुणीतरी म्हणालं. ते वाक्य कुणी पुरं केलं नाही, त्याची गरजही नव्हती. ताणलेले चेहरे सैल झालेले मला दिसले. ड्रायव्हिंग स्कूलवाले पुन्हा खुर्चीत बसले. मला सगळ्यांचा राग आला, आणि सर्वांत जास्त राग घरी खिडकीत बसलेल्या त्या बाईचा आला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला? मागितलं असतंस तर एक तरी मत पडलं असतं. त्या एका मताला धरून मी भांडले असते.

वर गेले तेव्हा ताई माझ्या झग्याचं बटण लावत होती. मी सांगितलं. तिचा हात थांबला.

"एकही नाही?"

"नाही."

"ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांचंही?"

"त्यांनाही वाटलं की होणारच."

तिने दोरा दाताने तोडला आणि बटण ओढून बघितलं. मग म्हणाली, "सगळे माझ्यासारखेच निघाले." पुढे काही काम निघायचं तर शिल्लक पुन्हा साठायला हवी, म्हणजे वर्षं जाणार, हे तिला सांगावं लागलं नाही. हिशेब तिलाही येतो.

पुढच्या आठवड्यात सगळे मिळून आमच्याकडे आले, धापा टाकत, कठड्याला धरत. चेअरमन पहिल्यांदाच चौथ्या मजल्यावर आले होते. ते दारातल्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ नुसते हातवारेच करत राहिले. रंग कोणता द्यायचा ते ताईंनीच ठरवावं, असा सोसायटीचा आग्रह होता. त्यांच्याइतकी नजर कुणाची आहे? ताईने रंगांच्या पट्ट्या खिडकीपाशी मागवल्या. "दिव्याखाली बघितलेला रंग फसवतो," ती म्हणाली आणि एकेक पट्टी उन्हात धरून तिने फिका पिवळा निवडला, खिडक्यांच्या कडेला विटकरी. सगळ्यांनी वाहवा केली. जाताना डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या, "काय जिने हो हे, जीव जातो."

परांची बांधली गेली. एके दिवशी रंगारी आमच्या खिडकीबाहेर उभा राहिला. ताईसमोर तिच्या उंचीवर बाहेरचा माणूस येऊन उभा राहण्याची ती कितीतरी दिवसांतली पहिली वेळ. ती खुशीत होती.

"कसं दिसतंय रे खालून?" तिने विचारलं.

"खाली गेल्यावर बघा ना आजी," तो म्हणाला. "आता खिडकी लावून घ्या, रंग उडेल."

परांची उतरली त्या दिवशी मी रस्ता ओलांडला, दुकानाच्या पायरीवर उभी राहिले आणि मोबाइलवर इमारतीचा फोटो काढला. खरं सांगते, इमारत सुंदर दिसत होती. इतका नेमका रंग निवडणारी ती, आणि तो बघू न शकणारीही तीच.

ताईने चष्मा पुसून फोटो घेतला. "दुकानाच्या पायरीवरून काढलास," ती लगेच म्हणाली. "विटकरी जरा गडद झाला आहे. पण पिवळा छान बसला आहे अंगावर." मग तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, वर सरकवला, आणखी मोठा केला. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत एक करडा ठिपका होता.

"ही मी का?"

"हो."

"खालून एवढीच दिसते होय मी," ती म्हणाली.

तिने मोबाइल मला परत दिला. मग काठी टेकत उठली, खिळ्यावरची किल्ली काढली आणि सोनं तराजूत ठेवावं तशी हलक्या हाताने माझ्या तळहातावर ठेवली.

"त्या मोबाइलवाल्याला देऊन टाक," ती म्हणाली. "आणि मशीन विकशील तेव्हा घेणाऱ्याला सांग, आधी तेल घाल म्हणावं. खूप दिवस बंद आहे."