परत आलेलं दूध

आक्कांच्या घरातनं दूध कधी परत जात नव्हतं. त्यांच्या मालकांची, बाळासोंची उभी हयात दूध संघात गेली, त्यामुळं राजारामपुरीतल्या त्या घरात पाहुण्याला आधी पेला आणि मग पाणी, असा उलटाच कारभार. आणि आता गेले तीन आठवडे वरच्या खोलीत नेऊन दिलेला पेला सकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर तसाच्या तसा मिळायचा. वर साय धरलेली.

वरच्या खोलीत हिवोत राहायची. इथिओपियाची पोरगी, उंच, काळीसावळी, हसली की गालाला खळी. कॉलेजात शिकायला कोल्हापुरात आली, वर्षभर होस्टेलवर काढलं आणि जूनपासनं आक्कांकडं. आक्कांची लेक क्रांती लग्न होऊन चंदगडला गेली तेव्हापासनं ती खोली रिकामीच होती. हिवोत आली आणि जिन्यावर परत पावलं वाजायला लागली. तोडकंमोडकं का होईना, मराठी बोलायची, आणि तेही आक्कांकडनंच उचललेलं. "व्हय की आक्का!" म्हणाली की आक्का अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या हसायच्या.

मग ते भांडण झालं. भांडण कसलं, आक्काच एकट्या भांडल्या. नोव्हेंबरात एका रविवारी वरनं धूर आला. आक्का धापा टाकत वर गेल्या, बघतात तर पोरगी तव्यावर कॉफीच्या बिया भाजत बसलेली आणि शेजारी ऊद जळतोय. "अगं बया, घर पेटवतीस काय माझं?" आक्कांचा आवाज म्हणजे काय, आठव्या गल्लीत बोलल्या तर बाराव्या गल्लीत खिडक्या उघडायच्या. हिवोतनं गुपचूप सगळं विझवलं. आणि त्याच आठवड्यात दूध परत यायला लागलं. तूप लावलेली पोळी परत. दही परत. आक्कांनी मोठ्या हौसेनं केलेलं अंड्याचं कालवणसुद्धा परत.

"रुसलीया," बाळासो म्हणाले. "आपोआप यील जाग्यावर."

पण शेजारची सबिना गच्चीच्या कठड्यावरनं सांगून गेली, "आक्का, तुमची हिवोत खोली बघतीया म्हणं दुसरीकडं. मला विचारत होती."

त्या दिवशी त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि बाळासोंनी मुकाट्यानं खाल्लं, कारण तोंड बघूनच माणसाला कळतं कधी बोलायचं न्हाय ते. आपल्या जिभेला हाड न्हाय, हे आक्कांना ठाऊक होतं. सासू म्हणायची, नवरा म्हणायचा, लेकही सासरी जाताना म्हणून गेली. पण त्या जिभेपायी पोरगी घर सोडून जाणार, हे काही त्यांना सोसेना. माफी मागावी, तर तो शब्द त्यांच्या तोंडाला आजवर शिवला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या बाळासोंच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"बुधवारी नाताळ हाय. गच्चीवर मटण करा. तांबडा, पांढरा, सगळं. तिच्या दोस्तांनाबी बोलवा."

बाळासोंच्या हातातला पेपर खाली आला. "मार्गशीर्षात? आणि बेस्तरवारी तुझा शेवटचा गुरुवार, घरात घट मांडायचा. डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

"घरात कुठं म्हटलं मी? गच्चीवर म्हटलं. माझ्या भांड्याला हात लावायचा न्हाय. मंडळाकडनं पातेली आणा."

"देवीला काय गच्ची दिसत न्हाय?"

"दिसू दे. तिलाबी कळतंय कोण कुणासाठी काय करतंय ते."

लग्न झाल्यापासनं आक्कांनी मार्गशीर्षात घरात अंड्याचं टरफल येऊ दिलं नव्हतं. यंदा हिवोतपायी कालवण केलं तेसुद्धा महिना लागायच्या आधी. त्यामुळं ही गोष्ट त्यांच्या लेखी किती मोठी होती, हे बाळासोंनी ओळखलं. ते पातेली सांगायला मंडळाकडं निघाले.

बुधवारी दुपारी गच्चीला जत्रेचं रूप आलं. मलावीचा चिसोमो कागदाचा चांदणीदिवा घेऊन आला, तो कपडे वाळत घालायच्या तारेला लटकला. श्रीलंकेची नदीशा केक घेऊन आली. येमेनचा फारिस, मटण नबीलालच्या दुकानातलं, हलाल आहे म्हटल्यावर, मांडी घालून पहिल्या पंगतीला बसला. चिसोमोनं बादली पालथी घालून ताल धरला आणि त्यांनी त्यांची नाताळाची गाणी म्हटली. बाळासो लुंगी खोचून रश्शाला फोडणी देत होते, आणि तांबडा रस्सा प्यायल्यावर नदीशाच्या डोळ्यांतनं पाणी आलं तेव्हा "अजून घ्या की पावणं!" म्हणून आग्रह करत होते.

आक्का वाढत होत्या आणि डोळा सगळा हिवोतच्या ताटावर. पोरगी नुसता भात चिवडत होती. मटणाची वाटी भरलेली. पांढरा रस्सा भरलेला. केकसुद्धा तसाच. आक्कांनी पहिल्यांदा दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा "खा की गं" म्हणाल्या. तिसऱ्यांदा मात्र बांध फुटला.

"एवढं काय गं वाकडं आलंय माझ्याशी? एकदा ओरडले, तर एवढा राग? दूध परत, तूप परत, आता सणाचं ताटबी परत! माझ्या हातचं इटाळलं काय तुला?"

बादलीचा ताल थांबला. हिवोतनं ताट बाजूला सारलं.

"न्हाय आक्का. राग न्हाय." तिनं पालथ्या हातानं डोळे पुसले. "माझा नाताळ आज न्हाय. आमच्या चर्चचा नाताळ सात जानेवारीला असतो. तोपर्यंत आमचा उपास. मटण न्हाय, अंडं न्हाय, दूध न्हाय, तूप न्हाय."

"मग तोंडानं सांगायला काय झालंतं?"

"सांगितलं. उपासाच्या पहिल्या दिवशी. दूध नको म्हटलं. तुमी म्हटला, आमच्या घरात दुधाला न्हाय म्हणायचं न्हाय. मग मला भीती वाटली. रोज पेला परत ठेवताना लाज वाटायची. म्हणून दुसरी खोली बघत होते. आणि हे सगळे आज माझ्यासाठी जमले, यांनाबी कसं सांगणार?"

चिसोमोनं कपाळावर हात मारून घेतला. आक्का तिच्या ताटापुढं खाली बसल्या. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, दुसरं काय!

हिवोत त्यांच्याकडं बघत होती. "पण आक्का, तुमीबी जेवला न्हाईसा."

"माझा मार्गशीर्ष हाय. आमाला चालत न्हाय महिनाभर."

"मग घरात मटण कसं?"

आक्का उगाच पदरानं वाटीची कड पुसायला लागल्या. शेवटी बाळासोच पळी हातात धरून म्हणाले, "तुझ्यासाठी गं बाई. तू जाशील म्हणून हिला घोर लागलाय. जिच्यासाठी केलं तिचा उपास, जिनं करवलं तिचाबी उपास, आणि आमी आपलं रस्सा ढवळतोय!"

पहिल्यांदा फारिस हसला, मग सगळी गच्ची. हिवोत हसता हसता रडत होती की रडता रडता हसत होती, कुणाला कळलं नाही. आक्कांनी तिचा हात धरला आणि तिला उठवलं.

"चल खाली. उपाशी ठेवत न्हाय मी कुणाला."

खाली स्वयंपाकघरात सकाळचा अख्खा मसूर होता आणि जोंधळ्याच्या भाकरी. आक्कांनी सवयीनं तुपाच्या डब्याला हात घातला, तिथंच थबकल्या, डबा फळीवर ठेवला आणि शेंगतेलाची बुधली काढली. एकाच ताटात दोघींचं वाढलं. हिवोतनं मसुराचा वास घेतला.

"आमच्याकडं असाच असतो. लाल, तिखट. आई करते."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यात मसूर नीट गुंडाळला आणि स्वतः न खाता आक्कांच्या तोंडापुढं धरला.

"हे काय गं?"

"आमच्यात असतं. ज्याच्यावर जीव असतो, त्याला आपल्या हातानं पहिला घास."

आक्कांना आजवर घास भरवला होता तो आईनं, आणि एकदा लग्नात बाळासोंनी, तोही चारचौघांनी नाव घ्यायला लावलं म्हणून. त्यांनी तोंड उघडलं. घास मोठा होता. तो गिळेपर्यंत डोळे भरून आले, आणि तिखटाचं निमित्तही सांगता येईना, कारण मसूर त्यांनीच केला होता.

"ती खोली," त्या घास चावत चावत म्हणाल्या, "घेतलीस काय?"

"न्हाय. न्हाय जात मी."

"वर ऊद लाव, कॉफी भाज, काय करायचं ते कर. फक्त खिडकी उघडी ठेव. मी उगंच ओरडले तवा. चुकलं माझं."

तो शब्द त्या घरानं पहिल्यांदाच ऐकला. पातेलं घेऊन खाली आलेले बाळासो ते जिन्यातच ठेवून, खोकून मगच आत आले.

"सात तारखेला परत मटण करायचं बघा," आक्का म्हणाल्या. "ह्याच पोरांना बोलवा."

बाळासोंनी भिंतीवर आधीच टांगलेल्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. "सातला मंगळवार हाय. आंबाबाईचा वार."

"असू दे की," आक्का म्हणाल्या आणि आता त्यांनी घास मोडला, हिवोतसाठी. "आंबाबाईला मी सांगते, माझ्या लेकीचा सण हाय म्हणून."