मिशी आणि मास्क

आमचे बाबा लाकूड आधी हुंगतात, मग कापतात. सुतारकामात त्यांचं नाव आहे ते या नाकामुळे, आणि नाकाखालच्या मिशीमुळे. दोन्ही टोकं पार कानांची चौकशी करून आलेली. गल्लीत त्यांना सगळे मिशीमिस्त्रीच म्हणतात.

मी आमच्या कारखान्यात एमडीएफ आणलं तेव्हा त्यांनी त्याचीही कड हुंगली आणि तोंड वाकडं केलं.

"हे लाकूड नाही. लगदा आहे."

"लाकडाचाच आहे, बाबा. लाकडाचे तुकडे वाफवून त्यांचे बारीक तंतू करतात, त्यात गोंद मिसळतात आणि गरम प्रेसमध्ये दाबून फळी काढतात. ना गाठ, ना रेषा."

"म्हणजे स्वभावच नाही," बाबा म्हणाले. पण गिऱ्हाइकांना असलीच बिनस्वभावाची कपाटं हवी होती. बाबांनी नाक मुरडत काम सुरू केलं आणि कापलेली प्रत्येक कड सवयीनं हुंगायला लागले.

एमडीएफचा भुसा म्हणजे भुसा नव्हेच, पीठ. धूळ ओढणारं यंत्र लावलं तरी थोडं हवेत उरतंच. ते बाबा रोज ताजं ताजं छातीत भरत होते. खोकला सुरू झाला. आई म्हणायची, मिशी झटकून जेवायला बसा, भाजीत फर्निचर पडतंय.

डॉक्टरांनी छाती तपासून सरळ सांगितलं, नीट बसणारा मास्क लावा, नाहीतर हे काम सोडा.

मी चांगला मास्क आणला, पण मिशी त्याच्या कडेखाली यायची आणि फट राहायची. धुळीला तेवढी वाट पुरे. मी कात्री पुढे केली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी राहतं घर विकायला काढलंय.

"मग घरी बसा," मी म्हणाले. डोक्यानं मी त्यांच्यावरच गेलेय.

बाबा घरी बसले. धड असलेल्या दारांच्या बिजागऱ्या घट्ट केल्या, मग खिडकीत बसून राहिले. मी जेवायला गेले की हळूच विचारायचे, "कडेत स्क्रू मारायच्या आधी भोक पाडतेस ना? नाहीतर चिरेल." त्यांच्या कुरकुरीशिवाय कारखाना मला खायला उठायचा.

एका सकाळी मी एकटीच फळी करवतीवर चढवत होते. मध्येच ती हलकी झाली. पलीकडचं टोक एका अनोळखी गृहस्थांनी उचललं होतं. नाकाखाली नुसती गोरी, कोवळी कातडी.

"बाबा," मी म्हणाले.

"बघतेस काय? घरी बसून मेलो असतो मी, मिशीसकट."

त्यांनी मास्क चढवला, वर दोन्ही तळवे दाबून फुंकून पाहिलं. कुठूनही हवा निसटली नाही.

"कर चालू," ते आतून म्हणाले.

डोळे भरलेले असताना करवत चालू करत नाहीत. मी जरा थांबले.