मी चार दाखवत होतो

मित्रांनो, मी एक जुना तापमान नियंत्रक आहे. तळहाताएवढी काळी पेटी, लाल आकडे आणि टोकाला धातूची बोंडी असलेली एक वायर, एवढाच माझा पसारा. ती बोंडी जिथे असेल तिथलंच मला कळतं. बाकी जगाबद्दल मी ठार आंधळा आहे. हे लक्षात ठेवा, कारण ज्यांनी ठेवायला हवं होतं त्यांनी ठेवलं नाही.

माझी उमेदीची वर्षं अंडी उबवण्याच्या यंत्रात गेली. तिथल्या मालकीणबाईंनी माझी बोंडी अंड्यांच्या मधोमध ठेवली होती. तरी रोज सकाळी त्या एक अंडं उचलून स्वतःच्या पापणीला लावून बघायच्या. मला राग यायचा. एवढा अचूक मी, आणि माझ्यावर भरवसा नाही? पुढे यंत्र मोडीत निघालं आणि मी एका फ्रिज मेकॅनिकच्या खोक्यात येऊन पडलो.

त्याच्या थोरल्या बहिणीचा फ्रिज बिघडला होता. तिचे यजमान शिंपी होते. त्यांना मधुमेह होता आणि त्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये राही. मेकॅनिकने जुना थर्मोस्टॅट काढला, कॉम्प्रेसरची तार माझ्यातून नेली, मला ऊब राखायचं सोडून गारवा राखायला लावलं आणि चार अंश ठरवून दिले. माझी वायर मात्र आखूड पडली. ती वाढवायचा त्याला कंटाळा आला. त्याने बोंडी दाराच्या कप्प्यातच चिकटपट्टीने डकवली.

"ताई, आता डोळे झाकून वापर," तो म्हणाला.

ताईने तसंच केलं. दारापाशी चार अंश होईपर्यंत मागची भिंत पार गोठून जाई, आणि जास्त गार म्हणजे जास्त टिकेल असं समजून ती इन्सुलिन नेमकं त्या भिंतीला टेकवून ठेवी. सकाळी इन्सुलिनचा खोका न उघडताच बाहेर काढून ठेवायची. शिंपीकाकांची आंघोळ होईपर्यंत आतलं औषध वितळलेलं असे. गोठून निकामी झालेलं औषध दिसायला मात्र होतं तसंच.

काकांची साखर वाढत गेली.

"अहो, चोरून गोड खाता ना?"

"नाही गं. तोंडालासुद्धा लावलेलं नाही."

"मग साखर काय आभाळातून पडते?"

तिने साखरेचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं. "भावजी, जिभेला जरा आवरा," असं मेव्हण्यानेही पाहुण्यांसमोर सुनावलं. काकांनी 'नाही' म्हणणं सोडून दिलं. मी वर लाल आकड्यांत चार दाखवत होतो.

मग त्यांना चप्पल चावली. जखम चिघळली आणि उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. याच पायाने त्यांनी चाळीस वर्षं मशीन चालवलं होतं. औषध कुठे ठेवता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कुठे ताईने घरी येऊन फ्रिजमधला खोका तिथेच उघडला आणि आत हात घातला. औषधाचा बर्फ झाला होता.

"भंगार ते भंगारच," म्हणत मेकॅनिकने मला उपटलं. स्वतःच्या चिकटपट्टीबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. काकांची माफीही कुणी मागितली नाही. ताईने फक्त साखरेचा डबा कुलपातून काढून पूर्वीच्या जागी ठेवला. काकांनी तो पाहिला आणि तोंड फिरवलं.

मित्रांनो, आता मालकीणबाईंचा राग येत नाही. माझा आकडा बघा, पण एकदा आपला हातही घाला. आणि घरातलं माणूस 'नाही' म्हणत असेल, तर माझ्याकडे बघण्याआधी त्याच्याकडे बघा. मी खोटं बोललो नव्हतो. शिंपीकाकाही बोलले नव्हते. त्या घरात विश्वास मात्र माझ्या एकट्यावर होता.