आवाज न करणारा चमचा

मित्रांनो, मी एक जुना, लांब दांड्याचा स्टीलचा चमचा आहे. माझ्या दांड्याला स्क्रूसारखा पीळ आहे आणि तोंड इतकं लहान, की मला भाजी वाढायला घेतलंत तर पाहुणे उपाशी उठतील. कारखान्यात यंत्राने मला पिळलं, तेव्हा दुखलं का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

माझं आयुष्य एका घड्याळजींच्या घरी गेलं. आठवडाभर बारीक चाकांशी डोळेफोड करून झाली, की शनिवारी संध्याकाळी ते ओट्याशी उभे राहत. पेय मोठ्यांचं आहे, तेव्हा तुम्ही नुसती गोष्ट ऐका. काचेच्या उंच भांड्यात रम, थोडा साखरेचा पाक, कडू अर्काचे थेंब आणि बर्फाचे मोठे खडे. मग मी आत. माझी पाठ काचेला टेकवून ते मला बोटांतल्या बोटांत फिरवत. बर्फ गोल फिरे, पण खट्ट म्हणून होत नसे. गारठ्याने मी पार बधिर होऊन जाई.

"आवाज आला का गं?" ते विचारत.

"कसला?" बाहेरच्या खोलीतून त्यांची बायको म्हणे.

मग ते खूश होऊन पेल्यांवर संत्र्याची साल पिळत. बाईंनी मला कधी हातात धरलं नाही. "तुमचं काम तुम्हीच करा," म्हणायच्या.

एका सकाळी घड्याळजी उठलेच नाहीत. घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. बाई रडल्या नाहीत. सगळ्यांना चहा विचारत राहिल्या. मी खणात गेलो, गंजक्या किसणीशेजारी. मलाही काही वाटलं नाही.

घड्याळजींच्या वाढदिवसाला बाईंचे धाकटे दीर आले. उभं आयुष्य औषधांच्या दुकानात काढलेला माणूस.

"वहिनी, दादाचं ते पेय करू या?"

"करा. पण त्यांनी आणलेल्या बाटलीत रम दोन पेल्यांपुरतीच उरलीय. एका वेळी एकच पेला करा. सगळं घाला आणि नीट हलवा."

औषधवाल्याला 'हलवा' म्हटल्यावर आणखी काय होणार! त्यांनी झाकणाची बरणी घेतली आणि खांदा दुखेपर्यंत खळखळवली. पेल्यात फेसाळ, गढूळ पाणी आलं.

"भावजी, हे काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, हलवा!"

"चमच्याने हो! चहा हलवतो तसं."

बाई रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. दिरांना बाहेर बसवलं आणि खण उघडून मला काढलं. आता एकाच पेल्याची रम होती. त्यांनी मला मुठीत धरलं, डावासारखं. खट्ट. पुन्हा खट्ट. त्या थांबल्या. मग माझी पाठ काचेला टेकवली, मूठ सैल केली आणि बोटांनी फिरवू लागल्या. हळूहळू बर्फ गप्प झाला.

"आवाज आला का?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"कसला, वहिनी?" दीर बाहेरून म्हणाले.

बाई ओट्याला धरून रडल्या. खूप रडल्या. एक थेंब माझ्या दांड्यावर पडला. तो कोमट होता, हे मला कळलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरात कुणी एखादं काम निगुतीने करत असेल, तर ते माणूस आहे तोवर म्हणा, "आण, आज मी करते." आणि आम्हाला खणात टाकण्याआधी पुसून कोरडं करा.