हिरव्या पुड्याखाली

मी पेइवनचा घरचा कॉम्प्युटर बोलतोय. आवाज दबका येतोय ना? डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचा पुडा ठेवलाय, म्हणून.

मी स्वस्तातला. आधीच सांगून टाकतो, नाहीतर तो ऑफिसातला काळा कॉम्प्युटर तोंड वाकडं करून सांगेल. पत्रा पातळ, पंखा खेळण्यातल्यासारखा. पण गाणं लावलं की खिडकीच्या काचा थरथरायच्या!

पेइवनच्या खिडकीपाशी माझं टेबल होतं. शाळेतून आली की दप्तर फेकायची, साबुदाण्याचा गार चहा सुर्रकन ओढायची आणि आम्ही दोघं विमानं पाडत बसायचो. मी मुद्दाम ऐन वेळी अडकायचो. मग ती चापट मारायची. काय मजा यायची राव!

तिचे बाबा च्वांग शेठ. कांगशानला त्यांचा स्क्रूचा कारखाना. तिथल्या ऑफिसात तो काळा होता, खास धंद्यासाठी बनवलेला. खेळ नाही, गाणं नाही, सदा कपाळावर आठ्या. एक दिवस तोच बंद पडला आणि शेठ धावत घरी आले. आमचा खेळ अर्ध्यावर होता.

"पेइ, तुझा डबा दे. आमचा दुरुस्त होईपर्यंत."

"परत आणाल ना?"

"अगं, आणतो की! मी काय खाणारे का त्याला?"

तिनं खेळ होता तसा जपून ठेवला आणि मला जाऊ दिलं.

ऑफिसात तेलाचा वास. आ-खिम मावशी तिथल्या कारकूनबाई. त्यांनी माझ्यात ऑर्डरी भरल्या आणि डोक्यावर हिरवा पुडा ठेवला. यंत्र बिघडू नये म्हणून आमच्या तैवानची रीतच आहे ती. पुड्याचं नावच 'शहाण्यासारखं वाग'. तो फोडायचा नाही, शिळा होऊ द्यायचा नाही आणि हिरवाच हवा. पिवळा ठेवला की यंत्र बिघडतं म्हणे.

आता परक्या घरी दंगा कसा करणार? वागलो शहाण्यासारखा. तिथंच फसलो.

काळा दुरुस्त होऊन आला. मी मनातल्या मनात विमानं उडवायला लागलो, तर मावशी आडव्या!

"शेठ, चालत्या यंत्राला हात लावू नका हो. ह्याला पुडा मानवलाय."

"मग काळ्याचं काय करू?"

"पोरीला न्या."

माझ्या खिडकीपाशी तो ठोंब्या गेला! दुसऱ्याच दिवशी पेइवन तणतणत ऑफिसात आली.

"बाबा, तो नुसता पीं करतो! माझा मला द्या."

"अगं, हा हलला तर माल जहाजावर कसा चढायचा?"

"तुम्ही शब्द दिला होता."

शेठ चहा ढवळायला लागले.

पेइवननं इकडं तिकडं पाहिलं, हिरवा पुडा दप्तरात सारला, दप्तरातला पिवळा काढून ठेवला आणि मला डोळा मारला. मला इशारा पुरे! पडदा निळा केला, पंखा बंद, ठार गप्प. आता शेठ वैतागणार, मला उचलणार, थेट घरी!

"अगं बाई, पिवळा!" मावशी किंचाळल्या. "कुणा मेल्यानं ठेवला?"

शेठनी तर चक्क हात जोडले. "चुकलं रे बाबा. तुझा काही दोष नाही."

शिव्या खायला तयार होतो हो मी! माफी मागितल्यावर काय करायचं? त्यांनी नवा हिरवा पुडा ठेवला, बटण दाबलं. माझ्यासारख्या स्वस्तातल्याला बटणाला नाही म्हणता येत नाही. झालो सुरू.

"बघितलंत?" मावशींनी अख्खा कारखाना गोळा केला. "पुड्याची ताकद!"

पेइवन दारात उभी होती. "सॉरी रे डब्या," एवढंच पुटपुटली.

तेव्हापासून मला कुणी बंदसुद्धा करत नाही. डोक्यावर पुडा, डावीकडे पुडा, उजवीकडे पुडा. समोर उदबत्ती, तिचा धूर पंख्यात. शिंक येते, पण शिंकायची सोय नाही.

पेइवन शिकायला तैपेईला गेली. पण ऑर्डरींच्या ढिगाखाली तिचा अर्धा खेळ मी जपलाय. तिचं विमान अजून तिथंच आहे, हवेत थांबलेलं.

पेइ, सुट्टीत येशील ना? तेव्हा रंग बदलत बसू नकोस. सरळ पुडे फोड आणि खाऊन टाक, तिन्ही. मग बघ मी कसा वागतो ते.