नक्की पुसायचं?

दादाने खिशातून फोन काढला, टेबलावर ठेवला आणि बोटाने आमच्या यांच्याकडे सरकवला. वहिनी त्याच्या मागे उभी होती, खांद्यावरची पर्सही तिने उतरवली नव्हती. बसा म्हटलं तरी बसेना.

"सगळं गेलं हो," ती यांना म्हणाली. "सकाळपासून हे नुसते दाबतायत. आवाजच नाही. तुम्ही बघा, तुम्हाला येईल काढता."

यांनी चष्मा लावून फोन हातात घेतला. एरवी त्या पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन असायचे. हिरवा दाबला की दादाचा आवाज यायचा, "अगं, ऐकलंस का?" निळा दाबला की "दार उघड, मी आहे." आता सगळे चौकोन राखाडी होते. नावं तेवढी होती, आत काही नव्हतं. मी यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. काय झालं असणार ते मला कळलं होतं. यांना तर माझ्या आधीच कळलं असणार, कारण यांचे कान लाल झाले होते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उभा जन्म त्याने लोकांना गाडी शिकवण्यात घालवला. आमचे हे त्याच्याकडेच शिकले. पहिल्याच आठवड्यात यांनी शाळेच्या फाटकावर गाडी घातली, फाटक वाकलं, दिवा फुटला, आणि हे स्टिअरिंग धरून रडकुंडीला आले. दादाने बाहेर उतरून नुकसान पाहिलं, परत येऊन बसला आणि म्हणाला, "असू दे. परत सुरू कर." हे त्याचं ठरलेलं वाक्य. गाडी बंद पडो, गटारात जावो, कुणी त्याच्या पायावरून नेवो, असू दे, परत सुरू कर. पुढे आमचं लग्न जमलं तेव्हा, गाडी शिकायला आला आणि बहीण घेऊन गेला, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

गेल्या वर्षी त्याच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. जीव वाचेल, आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. वहिनी रडत बसली, मी तिच्याबरोबर रडत बसले. कामाचं सुचलं ते फक्त यांना. यांनी एक अ‍ॅप शोधून काढलं. त्यात आधीच आपल्या आवाजात वाक्यं भरून ठेवायची, आणि नंतर चौकोन दाबला की ते वाक्य बोललं जायचं. तेव्हा मला या माणसाचा इतका अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू.

आता यांच्याबद्दल सांगायलाच हवं. हे लिफ्टची दुरुस्ती करतात. दिवसभर बटणांशी गाठ, आणि घरी आल्यावर फोनमधल्या बटणांशी भांडण. 'पाठवा' आणि 'रद्द' ही बटणं शेजारी शेजारी कशाला ठेवायची? अंगठा पोचतो तिथे कामाचं काही नाही आणि पोचत नाही तिथे सगळं. राखाडीवर राखाडी अक्षरं लिहितात, ती काय त्या अ‍ॅपवाल्यांच्या आजोबांनी वाचायची? साधं वीजबिल भरायला गेलं की आधी चार पानं जाहिराती सरकवा. हे सगळं नुसतं बोलून थांबत नाहीत. प्रत्येक अ‍ॅपला पाचातल्या तीन चांदण्या देतात आणि खाली सूचनांचा निबंध लिहितात. भाजी निवडता निवडता ऐकून माझे कान किटले. दादाने यांचं नावच ठेवलं होतं, सुधारणा खातं. घरात पाऊल टाकलं की विचारायचा, "काय सुधारणा खातं, आज कुणाची खैर नाही?"

ऑपरेशनच्या आधी तीन-चार संध्याकाळ आमच्या पुढच्या खोलीत आवाज भरायचं काम चाललं होतं. खिडक्या बंद, पंखा बंद, सगळे घामाघूम. दादा एक वाक्य म्हणायचा, मध्येच खोकला यायचा, की ते पुसून पुन्हा. आणि दर वेळी पुसताना अ‍ॅप विचारायचं, "नक्की पुसायचं?" हे "हो" दाबायचे. पुन्हा खोकला, पुन्हा पुसा, पुन्हा "नक्की पुसायचं?" शेवटी हे फोनवर खेकसले, "हो रे बाबा, नक्की, लिहून देऊ का?" दादाला इतकं हसू आलं की त्या हसण्यातच त्याला पुन्हा ठसका लागला. 'असू दे, परत सुरू कर' मात्र पहिल्या फटक्यात झालं. ते यांनी खालच्या कोपऱ्यात ठेवलं, अंगठा सहज पोचेल असं.

आणि त्याच रात्री जेवायच्या आधी यांनी अ‍ॅपवाल्यांना निबंध धाडला. सारखं सारखं विचारून माणसाला भंडावू नका. माणूस मूर्ख नाही. एकदम पुसून टाका आणि खाली थोडा वेळ 'परत आणा' अशी पट्टी दाखवा, चुकलं असेल तर तो दाबेल. मला वाचून दाखवलं तेव्हा मीही मान डोलावली. बरोबरच वाटलं होतं मला.

गेल्या महिन्यात उत्तर आलं. इतक्या वर्षांच्या निबंधांना पहिलं उत्तर. पुसताना न विचारण्याची आपली सूचना आवडली, नव्या आवृत्तीत तसा बदल केला आहे, आभारी आहोत. यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कामावरच्या मंडळींना दाखवलं, औषधाच्या दुकानात दाखवलं, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेर काढून त्यालाही दाखवलं असेल. आणि मी काय कमी? मी त्या उत्तराचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'आमच्या सुधारणा खात्याचं कुणीतरी ऐकलं.' दादाने टाळ्या पाठवल्या, वहिनीने फुलं. दादाने किंवा वहिनीने तो फोटो नीट वाचला नसावा. वाचला असता तर आज ती अशा विश्वासाने आमच्या दारात उभी राहिली नसती.

"झालं कसं?" यांनी विचारलं.

वहिनीनेच सांगितलं. दादा रुमालाने फोनची काच पुसत होता. वरच्या कोपऱ्यात सगळं एकदम पुसायचं झाडूचं चित्र आहे, त्यावर अंगठा पडला. चष्मा कपाळावर होता. तो खाली ओढून बघेपर्यंत सगळे चौकोन राखाडी झालेले. खाली काहीतरी पट्टी आली होती म्हणे, वाचेपर्यंत तीही गेली.

"पूर्वी विचारायचं हो ते," वहिनी म्हणाली. "मागेही एकदा यांचा हात लागला होता. तेव्हा विचारलं, नक्की पुसायचं का, म्हणून वाचलं. या वेळी विचारलंच नाही."

हे तोंड उघडणार होते. मला दिसलं ते. आणि मी मध्येच म्हणाले, "वहिनी, चहा घेणार ना? बसा तरी." मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले, आणि मला माझीच शरम वाटली. नवऱ्याची लाज झाकायला गेले आणि स्वतःची वाढवून बसले.

चहा घेताना वहिनी म्हणाली की त्या अ‍ॅपमध्ये एक तयार आवाज आहे, बाईचा. दादा अक्षरं टाइप करतो आणि ती बाई बोलते. दुपारी तिने स्वयंपाकघरात हाक ऐकली, 'अगं ऐकलंस का,' सरळसोट, बँकेतला टोकन नंबर पुकारावा तशी. "परकी बाई माझ्या घरात मला अगं म्हणते," वहिनी म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. दादा कपातल्या चहाकडे बघत होता.

फोन ठेवून ते दोघं गेले. हे जेवले नाहीत. फोन कॉम्प्युटरला जोडून पाहिला, कामावरच्या एका जाणकार मुलीला विचारलं, मोबाइलच्या दुकानातून दोनदा हात हलवत परत आले. अ‍ॅपवाल्यांना तीन वेळा लिहिलं. या वेळी उत्तर लगेच आलं. आवाज फक्त तुमच्या फोनमध्येच साठवले जातात, पुसलेले परत मिळत नाहीत, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. हे ते उत्तर हातात धरून बसून राहिले. मग मला म्हणाले, "आम्ही लिफ्टमध्ये लाल बटणाला वरून कडं बसवतो. कुणाचं कोपर लागू नये म्हणून. कितीतरी कडी मी स्वतः बसवलीत. आणि या अ‍ॅपचं कडं मीच काढायला लावलं." चूक सगळ्यांकडूनच होते, असं काहीतरी मी म्हणाले. त्यांनी ऐकलंही नसेल.

रविवारी दादा एकटाच आला फोन न्यायला. हल्ली तो लहान पाटी बाळगतो, पुसता येते अशी. यांचा चेहरा बघूनच तो समजला आणि त्याने मान हलवली. मग पाटीवर लिहू लागला. लिहून झालं की यांच्याकडे फिरवायची, पुसायची, पुन्हा लिहायचं.

'गेले ते जाऊ दे. पण त्यांना तू लिही. तुझं लिहिणं चांगलं.'

'मी शिकवायचो तेव्हा माझ्या पायाशीही एक ब्रेक असायचा. तसं काहीतरी ठेवा म्हणावं. पुसण्याआधी एकदा विचारा.'

मी दाराशी उभी होते. या वेळी मी चहाचं विचारलं नाही.

"दादा," हे म्हणाले, "ते विचारत होते. मीच त्यांना सांगितलं विचारू नका म्हणून."

दादाला अर्थ लागेना. मग यांनी स्वतःच्या फोनवर तो जुना निबंध काढला आणि त्याच्या पुढ्यात धरला. दादाने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि सावकाश वाचला. माणूस मूर्ख नाही, या ओळीपाशी तो बराच वेळ थांबलेला मी पाहिला. खाली कंपनीचं आभाराचं उत्तर होतं, तेही त्याने वाचलं. ग्रुपवरचा फोटो त्याला आता आठवला असणार. त्यावर पाठवलेल्या टाळ्याही.

"मी कोणत्या तोंडाने माफी मागू?" हे म्हणाले, आणि रडायला लागले. फाटकावर गाडी घातली होती तेव्हा असेच दिसत असतील.

दादा काही लिहील म्हणून मी पाटीकडे पाहिलं. त्याने पाटीला हातच लावला नाही. त्याने टेबलावरचा स्वतःचा फोन उचलला, ते अ‍ॅप उघडलं आणि यांच्याकडे बघत बघत, फोनकडे न बघता, अंगठ्याने खालच्या कोपऱ्यातला 'असू दे'चा चौकोन दाबला.

काहीच वाजलं नाही. त्याने खाली फोनकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा दाबला, जरा जोर देऊन.